मोठ्या उपासाचं पुस्तक

८ जानेवारी, बुधवार

खोली जाणार.

आमच्या कॉप्टिक नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे आज, मासेर (सिस्टर) जानेतने मठात बोलावलं, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. चहा दिला. सणाच्या बिस्किटांची बशी पुढे केली, दोनदा. आणि मग — "मिस इनसाफ, एकोणतीस मुली दाराशी थांबल्यात. सगळ्या सुदानच्या. कुणी वर्षभर घरी बसलीय, कुणी दोन वर्षं. वर्ग सुरू करायचाय. बाई मिळाल्या, बाक मिळाले. खोली नाही."

"प्रयोगशाळा?"

"प्रयोगशाळेत मुली असतात."

हीच जानेत चौथीत माझ्यासमोर बसून बाहीला नाक पुसायची. आता मुख्याध्यापिका आहे, आणि अजूनही मला मिस म्हणते. मिस म्हणून गप्प करते.

म्हणाली, "महिनाभर मी येता-जाता ग्रंथालयात डोकावले. दर वेळी तुम्ही असता आणि ती एक उंच मुलगी. ती तरी कुठे पुस्तक उघडते? नुसती बसते."

खरं आहे. तसाबीह. चौदा वर्षांची, सुदानातल्या ओमदुर्मानची. युद्धामुळे दीड वर्षापूर्वी आई आणि बहिणीबरोबर इथं अस्वानला आली. तिला कसाबसा नववीत प्रवेश मिळाला. मधल्या सुटीत येते, खिडकीखाली बसते, घंटा झाली की उठते. धाकट्या बहिणीला, रिमाझला, प्रवेश मिळाला नाही. त्या एकोणतिसांत तीही आहे.

मी ईस्टरपर्यंत मुदत मागितली. कैरोच्या पुस्तकमेळ्याला जाऊ द्या, मोठ्या मुलींचं कपाट नव्याने भरू द्या. मुली आल्या तर खोली ग्रंथालयाकडे राहील.

"आणि नाही आल्या तर?"

"तर बाक लावा. सरकवायला मीसुद्धा येईन."

जूनमध्ये मला साठ पूर्ण होतील. एकतीस वर्षं त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. खोलीच्या आधी आपण गेलो असतो तर बरं, असं चहा पिताना वाटून गेलं. मग लाज वाटली.


११ जानेवारी, शनिवार

मोठ्या मुलींचं कपाट आज पूर्ण रिकामं केलं. कापराचा वास. नाक खुपसलं आणि मी अकरा वर्षांची झाले.

सगळी पुस्तकं मठातल्या जुन्या परदेशी सिस्टरांच्या वेळची. सगळ्यांना तपकिरी कागदाचं कव्हर, कण्यावर शाईने लिहिलेला आकडा. आतल्या मुली गोऱ्या, केसांना रिबिनी, शेकोटीपाशी बसलेल्या. बर्फ पडतो, गरीब मुलगी आजारी पडते, श्रीमंत मुलगी सुधारते. मला किती आवडायची! बर्फाला कापराचा वास येत असणार, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. अस्वानच्या उन्हात दुसरा पुरावा कुठला?

पण मलाच आवडतात म्हणून नव्वद मुलींना आवडावीत? खरं सांगायचं तर त्या पुस्तकांत मी स्वतःला कधी शोधलंच नाही. नील नदीच्या काठची, सावळी, शिंप्याची मुलगी पुस्तकात असू शकते हे सुचलंच नव्हतं. जे सुचत नाही ते मागायचं कसं?


१४ जानेवारी, मंगळवार

मुलींना विचारावं म्हटलं. चिठ्ठ्या वाटल्या — कसलं पुस्तक हवं, नाव न घालता लिहा.

नव्वदपैकी सत्तरएक जणींनी लिहिलं: उपयुक्त आणि चांगले संस्कार करणारं.

शहाण्या! याच शाळेत शिकताना आम्हीही आमच्या मासेर बेनेदेत्तांना हेच सांगायचो. आमच्या शाळेत मोठ्या माणसाने प्रश्न विचारला की मूल उत्तर शोधत नाही, त्या माणसाचा चेहरा शोधतं.

बाकीच्यांतल्या काही जपून ठेवते. "जाड नको." "शेवटी लग्न नको." "शेवटी लग्न हवं, पण त्याने माफी मागायला हवी." "मिस, भूक लागलीय." आणि एक कोरी. कुणाची ते कळायला अक्षर लागत नाही.


२७ जानेवारी, सोमवार — कैरो

शुब्राला भावाकडे, नसीमकडे उतरले. गाडीत चौदा तास, पाय सुजून भाकरी झालेत. नसीम माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, पण पोटाने मोठा झालाय. दोन रिकाम्या ट्रंका बघून म्हणाला, "ताई, माणसं कैरोहून तांदूळ नेतात, कापड नेतात. तू कागद नेणार."

भावजयीने बिसारा, म्हणजे फावाच्या डाळीचं घट्ट पिठलं केलं होतं, वर भरपूर परतलेला कांदा. घरचंच जेवण, पण घास तोंडात फिरत राहिला. उद्याची धास्ती.


२८ जानेवारी, मंगळवार — कैरो

दिवसभर मेळ्यात. पायांचं विचारू नये.

मी पुस्तक निवडते ते उभं राहून, दुसऱ्या पानावरून. पहिलं पान सगळ्यांचं इस्त्री केलेलं असतं. दुसऱ्यावर लेखकाचा घरातला आवाज येतो. एका गाळ्यावर मी पाचवं पुस्तक उघडलं तसा तिथला पोरगेला विक्रेता म्हणाला, "मदाम, खुर्ची देऊ? इथंच संपवून जा." मी म्हटलं, "दे." त्याने खरंच दिली. मग तासभर त्याच्याच गाळ्यावर बसले, चहासुद्धा त्यानेच मागवला.

काय काय मिळालं! आता सगळं आहे की — आमच्या वेळी काहीच नव्हतं. धरणाखाली गेलेल्या नुबियन गावाची गोष्ट. बघताक्षणी नबरासाठी बाजूला ठेवली — ती रोज पलीकडच्या काठावरून होडीने शाळेत येते, तिच्या आजीचं गाव असंच पाण्याखाली गेलंय. कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलीची गोष्ट — मारीनासाठी. मारीनाचा डावा पाय लहानपणच्या तापानंतर बारीक राहिलाय. आणि युद्धातून पळून आलेल्या मुलीची गोष्ट, सीमेवरच्या रांगेत उभी असलेली. ती हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवलीच नाही. तसाबीह. तिला वाटेल, कुणीतरी मला ओळखलं.

इतरही घेतली — अलेक्झांड्रियातल्या चोरट्या स्वयंपाकिणीची एक हेरकथा, चार ओळी वाचून मोठ्याने हसले म्हणून. दोन्ही ट्रंका भरल्या.

नसीमने उचलून बघितल्या आणि म्हणाला, "तांदूळच बरा होता."


१० फेब्रुवारी, सोमवार

शाळा सुरू झाली. पुस्तकं पोचली, एकाचाही कोपरा दुमडला नाही. शाळेच्या पोर्टरने, अम्म (काका) बिलालने, दोन्ही ट्रंका एकट्याने वर नेल्या आणि मग तासभर माझ्याशी बोलला नाही.

तपकिरी कव्हरं घालायला घेतलीत. हात आपोआप चालतात.


२० फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारपासून मोठा उपास, थेट ईस्टरपर्यंत. ती जुनी चाल पुन्हा सुरू करावी असं मनात आलंय.

उपासाच्या पहिल्या सोमवारी मासेर बेनेदेत्ता वर्गात यायच्या. प्रत्येकीसाठी एक पुस्तक, त्यांनी स्वतः निवडलेलं, तपकिरी कागदात, मागची बाजू वर करून बाकावर ठेवलेलं. ईस्टरपर्यंत वाचायचं. बदलून मिळायचं नाही. खोड बघून पुस्तक दिलेलं असायचं. खोटं बोलणारीला खोटारड्या मुलीचं, खादाडीला खादाडीचं. तेराव्या वर्षी मला आरशापुढून न हलणाऱ्या मुलीचं आलं होतं. वर्गात खसखस पिकली. घरी जाऊन मी आरशावर टॉवेल टाकला. आई म्हणाली, कुणी मेलंय का.

पण मी खोडी बघून नाही देणार. मी प्रेमाने देणार. प्रत्येकीला तिचं स्वतःचं जग. फरक आहे.


२४ फेब्रुवारी, सोमवार

दिली पुस्तकं. मोठ्या मुलींतल्या तीसजणींना, नाव घेऊन, एकेकीच्या हातात. खोलीत आज इतक्या मुली होत्या की खिडक्या उघडाव्या लागल्या. जानेत दारातून बघून गेली.

तसाबीहने पुस्तक घेतलं. "शुक्रन, मिस" म्हणाली. पिशवीत ठेवलं. मला सबंध दिवस हलकं हलकं वाटलं.


२६ फेब्रुवारी, बुधवार

मारीना आली. मधल्या सुटीत, एकटी. पुस्तक टेबलावर ठेवलं, मागची बाजू वर करून.

"आवडलं नाही का गं?"

"चांगलं आहे, मिस. बारा पानं वाचली."

"मग?"

ती कव्हरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "सगळ्यांना माझा पाय दिसतो. तुम्हाला दिसत नाही असं वाटायचं. म्हणून मला तुम्ही आवडायचात."

आणि गेली. जिन्यावरून तिची पावलं ऐकू आली — एक जड, एक हलकं. मी ती चार वर्षं ओळखते. दिसत नव्हतं कसं म्हणू?

आज उपासाचं जेवणही केलं नाही. फूल, म्हणजे फावाची उसळ, गार झाली.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

तसाबीहनेही परत आणलं. ती रडली नाही, वाईट वाटून घेतलं नाही. उलट मलाच समजावल्यासारखं बोलली. दीड वर्षात तिचा इतका आवाज मी ऐकला नव्हता.

"मिस, निर्वासितांच्या संस्थेच्या बाईंनीही मला युद्धाचं चित्र काढायला सांगितलं होतं. मी मांजर काढली. त्या म्हणाल्या, मांजर घाबरलीय का? मी म्हटलं, नाही, झोपलीय. त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं."

मी हसले. तीही हसली. मग मी विचारलंच — इतके दिवस इथं येतेस, एकही पुस्तक का नाही उघडलंस?

"माझं एक अर्धं राहिलंय. घरी. पलंगावर उलटं ठेवून निघालो. संध्याकाळी येऊ असं वाटलं होतं." नाव आठवतं का विचारलं. नाही म्हणाली. वडिलांच्या कपाटातलं होतं, पहिली पानं फाटलेली. एक माणूस उंट चोरतो. पुढे काय होतं ते तिला माहीत नाही. "ते संपवल्याशिवाय दुसरं धरायचं नाही असं ठरवलं होतं."

"आणि आता?"

"आता ते अर्धंच राहणार, मिस."

उठताना म्हणाली, "हे दुसऱ्या कुणाला द्या. वाईट नाही. पण मला त्यातलं सगळं आधीच माहीत आहे."


१ मार्च, शनिवार

रमजानचा पहिला दिवस. आमचाही उपास, त्यांचाही. अख्ख्या शाळेचं पोट रिकामं, आवाज बसलेले.

मासेर बेनेदेत्तांचा फोटो मठाच्या ओसरीत आहे. आज त्याच्यासमोर उभी राहिले. त्याही प्रेमानेच देत असतील. मुलगी बघायची, तिच्यात एक गोष्ट ठरवायची, आणि तीच बांधून तिच्या हातात द्यायची. मी दुसरं काय केलं? खोडीच्या जागी पाय ठेवला, युद्ध ठेवलं, बुडालेलं गाव ठेवलं. कव्हर तेच.

नबराला धरून विचारलं — तुला तुझं पुस्तक कसं वाटलं, खरं सांग. तिने इकडेतिकडे बघितलं.

"मिस, आजी रोज तेच सांगते. जेवताना, झोपताना. घराचा दरवाजा निळा होता, पाणी आलं, बोट आली. निदान पुस्तकात तरी दुसरं काही मिळेल म्हटलं."

"मग वाचलंस का?"

"थोडं." मग खाली बघून, "खरं म्हणजे ते माझ्याकडे नाहीये."

"कुणाकडे आहे?"

"मारीनाकडे."


४ मार्च, मंगळवार

हळूहळू कळतंय. पोरींनी पहिल्याच आठवड्यात अदलाबदल केली! मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीमागे. मासेर बेनेदेत्तांच्या काळात असं केलं असतं तर आईवडिलांना बोलावणं गेलं असतं.

बुडालेलं गाव मारीनाकडे. युद्धाचं पुस्तक तसाबीहने परत केलं ना मला, त्याच दुपारी नबराने येऊन नेलं होतं. मी पाठमोरी कपाट लावत होते, नुसतं हो म्हटलं. का नेलंस, आता विचारलं. म्हणाली, "तसाबीह माझ्या शेजारी बसते. तिला सारखं विचारणं बरं दिसत नाही. म्हणून वाचतेय."

किती साधं. आणि मला साठीला आल्यावर कळावं.

मारीनाचं पुस्तक टेबलावर पडलं होतं ते आज तसाबीहने उचललं. उभ्याउभ्याच दुसरं पान उघडलं — दुसरं! — आणि बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "यात ही मुलगी फार शिव्या देते."

"हो का?" मी वाचलं होतं, पण माझं लक्ष फक्त कुबडीकडे.

"नेऊ?"

"ने."

तेव्हा आठवलं की पुस्तक खोलीबाहेर न्यायची आमच्याकडे परवानगीच नाही. उपासाची पुस्तकं सोडून कधीच नव्हती. तरी तिच्या पिशवीत जाऊ दिलं.


५ मार्च, बुधवार

सगळी तपकिरी कव्हरं काढली. नखं दुखतायत. नवी पुस्तकं मोठ्या टेबलावर पसरली, चित्रं वर. पाटी लावली: घरी न्या. दुसरीला द्या. कुणाकडे आहे तेवढं सांगा.

अम्म बिलाल पाटी वाचून म्हणाला, "मिस, सगळी जाणार तुमची पुस्तकं."

"जाऊ दे."

"मग त्या ट्रंका मी वर कशाला आणल्या?"


११ मार्च, मंगळवार

चोरटी स्वयंपाकीण सगळ्यांत पुढे. सहाजणी रांगेत. नव्याने कुणाला काय द्यायचं ते आता मी ठरवत नाही, तसाबीह ठरवते. टेबलाच्या टोकाला बसते आणि येणाऱ्या मुलीला एकच विचारते: "काल कशावर हसलीस?" किंवा, "कुणाचा राग आलाय?" मग पुस्तक पुढे सरकवते. कोण कुठली, कुणाची, हे विचारतच नाही. दहातली सात बरोबर बसतात. माझी कधीच इतकी बसली नव्हती.

संध्याकाळी फाटकाशी एक बारकी मुलगी उभी होती. तसाबीहचंच नाक. रिमाझ. दहा वर्षांची. शाळेच्या आत येत नाही; आत नाव नाही ना तिचं. मला म्हणाली, "तुम्ही पुस्तकवाल्या मिस. ती स्वयंपाकीण पकडली जायला नको होती."

"तू वाचलंस?"

"ताई झोपली की वाचते. शेवट आधी वाचते, मग सुरुवात. म्हणजे घाई होत नाही."

हसू आलं. खिशातला खजूर द्यायला गेले. तिने सूर्याकडे बोट दाखवलं. तिचा रोजा विसरलेच होते.


१७ मार्च, सोमवार

पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या, पण या खेपेला तसाबीह, नबरा आणि मारीनाने. मी खोलीबाहेर थांबले. निकाल बघा:

"जाड मुलगी, जी शेवटी बारीक होत नाही." "जिच्या आईला स्वयंपाक येत नाही." "रडणारा भाऊ." "पाय असलेली मुलगी, पण पाय हा विषय नाही." (हे कुणाचं, सांगायला नको. लिहिताना ती हसत होती म्हणे.) "चर्चमधली मुलगी आणि मशिदीतली मुलगी भांडतात, पण धर्मावरून नाही. मुलावरून."

आणि तसाबीहच्या बारीक, सरळ अक्षरात: "ओमदुर्मानचं काहीही, पण युद्धाच्या आधीचं. बसमधलं, लग्नातलं. लग्नातल्या भांडणाचं असलं तर फार छान."

या वेळी संस्कारी एकही नाही.

यादी नसीमला फोनवरून वाचून दाखवली. त्याने सगळी ऐकून घेतली. मग — "ताई, तुझी प्रकृती बरी आहे ना?"


२५ मार्च, मंगळवार

नसीमचा फोन. "अझबकियाच्या सगळ्या जुन्या पुस्तकवाल्यांना मी आता तोंडपाठ झालोय. सुदानी लग्नातल्या भांडणाचं पुस्तक मागणारा जाडा ख्रिस्ती म्हणून. ते मला लांबून बघून हसतात."

"मिळालं का पण?"

"मिळालं! सुदानातच छापलेलं, जुनं. नवरीच्या तीन आत्या, मेंदी कुणी लावायची यावरून जुंपते. मी आधी वाचून संपवणार, मग पाठवणार."

नसीमने शाळा सुटल्यापासून फुटबॉलच्या बातम्यांशिवाय काही वाचलेलं मला आठवत नाही.


८ एप्रिल, मंगळवार

ईद झाली, शाळा पुन्हा भरली. पार्सल आलं. तसाबीहने आत्यांचं पुस्तक टेबलावरच उघडलं आणि तिथंच मोठ्याने वाचायला लागली. नवरीची थोरली आत्या दारातच तोंड फुगवून बसते तो भाग. नबरा म्हणाली, "ही आमची हलीमा आत्या!" मारीना म्हणाली, "आमची पण. फक्त आमची क्रॉस घालते." तसाबीह हसत हसत थांबली, पान तसंच धरून. गल्लीचं नाव आलं होतं. तिच्या शाळेची गल्ली.

मग खाली बघून पुढे वाचत राहिली. कुणीही काही विचारलं नाही. मीही नाही.

मागे दारात मासेर जानेत उभी होती. किती वेळ, देव जाणे. टेबलाभोवती बसायला जागा नव्हती, मुली फरशीवर, खिडकीत. तिने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.


१० एप्रिल, गुरुवार

जानेतने बोलावलं. चहा. या खेपेला बशीत उपासाची, बिनलोण्याची बिस्किटं.

"मिस, खोली तुमची. शब्द दिला होता."

"आणि वर्ग?"

"बघू पुढच्या वर्षी. दुपारच्या पाळीचं चर्चला विचारलंय, त्यांनी अजून काही कळवलं नाही." मग हसून, "तुम्ही जिंकलात. तोंड असं का केलंय?"

मी तोंड सारखं केलं. जिंकलेच होते की. एकतीस वर्षांत खोली इतकी भरली नव्हती. घरी येताना खजुराची पेटी घेतली, ईस्टरला हवीच. नदीवरून वारा सुटला होता.

पण त्याआधी, शाळेतून निघताना, फाटकाबाहेर रिमाझ उभी होती. तिच्याबरोबर आज आणखी दोघी, तिच्याहून लहान. तसाबीहने आतून आणलेलं पुस्तक तिघी फाटकाच्या गजाला टेकून वाचत होत्या. शेवटचं पान.


२२ एप्रिल, मंगळवार

ईस्टर झालं, दुसऱ्या दिवशीचा वसंताचा सण शम्म-अन्-नसीमही झाला. सबंध सुटीत खारवलेल्या माशाच्या वासाखेरीज काही आठवत नाही, आणि एकोणतीस हा आकडा.

कपाटं भिंतीला लागून आहेत. मधलं मोठं टेबल तेवढं जागा खातं. पुस्तकं आता खोलीत राहतातच कुठे? आज मोजली — टेबलावर सात, कपाटात जुनी, बर्फातली. बाकी सगळी घरोघरी, होडीत, टाकीमागे.

मुलींसाठी पुस्तकं निवडायला मी तीन महिने धडपडले. मुलींसाठी की खोलीसाठी?


२८ एप्रिल, सोमवार

जानेतला मीच सांगून टाकलं, वर्ग ग्रंथालयात भरवा. अम्म बिलालने सकाळी टेबल व्हरांड्यात नेलं. बाक आले. मासेर जानेत आणि मी मिळून सरकवले, दोघींचेही कपडे धुळीने माखले. कपाटं तिथंच, कुलपं काढून टाकली. नवा वर्ग आठ वाजता भरला. रिमाझ तिसऱ्या बाकावर — फळ्याकडे पाठ, तोंड पुस्तकांकडे. बाईंनी तिला दोनदा वळवलं.

मी दारातूनच बघितलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती.